मोर्तब होईपर्यंत

जुना मोडी कागद ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके), पूर्ण रंगात, कॉम्प्रेशन न वापरता स्कॅन केला की ए-फोर आकाराच्या एका पानाची टिफ फाइल साधारण १०० एमबीची होते. रुंदीत ४,९६० ठिपके, उंचीत ७,०१६, आणि प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरव्या, निळ्याचा एकेक बाइट. एका रुमालात, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यात, शे-दोनशे कागद सहज निघतात. वाईजवळच्या एका घरात असे रुमाल माळ्यावरच्या पेटीत पिढ्यान्‌पिढ्या पडून आहेत. निवाडे, महजर, सनदांच्या नकला, जमाखर्च, लग्नकार्यांच्या याद्या. ज्यांच्या ताब्यात ते आहेत त्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. कागद घराबाहेर जाणार नाहीत ही त्यांची अट, आणि ती मला मनापासून मान्य आहे. पण वाळवी, पावसाळा आणि आग यांना अट घालता येत नाही. म्हणून कागद घरातच राहतात आणि त्यांची चित्रं दूर जातात, त्याच घरातल्या एका मुलाने जर्मनीत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर.

ती चित्रं पोचवणारा प्रोग्राम मी लिहिला आहे. पायथन या प्रोग्रामिंग भाषेत, असिंक पद्धतीने, म्हणजे एका कामाच्या उत्तराची वाट पाहताना दुसरं काम पुढे नेत. आमच्या व्यवसायात फाइल इकडून तिकडे पाठवणं हे नवख्या मुलांना द्यायचं काम समजतात. मला ते फार जिव्हाळ्याचं वाटतं. संध्याकाळी स्कॅनिंग आटोपलं की आप्पा चष्मा काढून विचारतात, “अगं, पोचले का कागद?” त्यांना ‘हो’ म्हणायच्या आधी माझ्याकडे काय काय असायला हवं, याचा विचार करता करता हा प्रोग्राम घडत गेला.

आधी वाट पाहण्याबद्दल बोलू, कारण या कामाचा मोठा भाग वाट पाहण्याचाच आहे. वाईहून जर्मनीला संदेश जाऊन उत्तर यायला साधारण दीडशे ते दोनशे मिलिसेकंद लागतात. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २,००,००० किलोमीटर जातो. मुंबई ते फ्रँकफुर्ट हवाई अंतर साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जाऊन-येऊन १३,०००. नुसत्या त्यालाच ६५ मिलिसेकंद हवेत. आणि केबल काही नाकासमोर जात नाही, समुद्राच्या तळाने वळसे घेत जाते. कितीही महागडं कनेक्शन घेतलं तरी हा वेळ त्याखाली येणार नाही.

आता समजा, प्रोग्राम ३२ केबीचा एक तुकडा पाठवतो, ‘मिळाला’ असं उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहतो आणि मग पुढचा पाठवतो. एका फेरीला २०० मिलिसेकंद धरले तर सेकंदाला पाच तुकडे, म्हणजे १६० केबी. शंभर एमबीच्या एका पानाला दहा मिनिटांच्या वर लागतील, आणि त्यातला बहुतेक वेळ तार रिकामीच असेल. एसएफटीपी (एसएसएच या झाकलेल्या जोडणीतून फाइली पाठवायची पद्धत, मी तीच वापरते) ज्यांनी रचलं त्यांनी हे ओळखलं होतं. त्यातल्या प्रत्येक मागणीला क्रमांक असतो आणि उत्तरावर तोच क्रमांक लिहून येतो. त्यामुळे पहिल्या तुकड्याचं उत्तर यायच्या आत दुसरा, दहावा, चौसष्टावा तुकडा रवाना करता येतो. उत्तरं मागेपुढे आली तरी कोणतं कशाचं हे कळतं. ओपनएसएसएच या एसएसएचच्या प्रसिद्ध संचातला साधा एसएफटीपी प्रोग्राम मुळातच ३२ केबीच्या ६४ मागण्या एका वेळी वाटेवर ठेवतो. म्हणजे २ एमबी सतत प्रवासात. त्याच २०० मिलिसेकंदांच्या फेरीत आता सेकंदाला १० एमबी जाऊ शकतात, तार तेवढी रुंद असेल तर.

ती तशी नसते. आप्पांच्या घरी अपलोडला सेकंदाला पाच मेगाबिट मिळाले तर तो चांगला दिवस. त्या वेगाने शंभर एमबीला १६० सेकंद लागणारच, मग प्रोग्राम कसाही लिहा. हे मुद्दाम सांगते आहे, कारण असिंक म्हणजे वेग असं समीकरण बरेच जण डोक्यात धरून बसतात. तारेची रुंदी असिंकने वाढत नाही. मोठ्या फाइली आणि बारीक तार असेल तर तुकडे सलग सुटत राहिले की पुरे. त्यापुढे अशा दहा फाइली एकदम सोडल्या तर दहाही संथ होतात आणि वीज गेली की दहाही अर्धवट राहतात.

खरा फायदा दिसतो तो लहान फाइलींना. प्रत्येक पानामागे एक छोटं जेपीजी, एक नोंदीची फाइल आणि कुणी वाचून दिलं असेल तर देवनागरी लिप्यंतर, सगळं मिळून काही केबी. अशी एक फाइल पाठवायची तर उघडा, लिहा, बंद करा, आकार विचारा, नाव बदला, अशा पाच फेऱ्या. पाच फेऱ्या म्हणजे एक सेकंद. हजार फाइलींना सतरा मिनिटं, आणि त्या सतरा मिनिटांत तारेवरून गेलेला मजकूर मोजला तर अगदी क्षुल्लक. इथे एका वेळी वीस फाइली हातात घेतल्या की तेच काम मिनिटाच्या आत होतं. या वीस जणी एकमेकींचा वेळ खात नाहीत. प्रत्येकीचा वेळ मुळात रिकामाच होता.

पायथनमध्ये असं लिहिण्याची आजची पद्धत तशी अलीकडची आहे. गिडो व्हान रॉसम यांच्या प्रस्तावातून असिंकआयओ २०१४ साली पायथन ३.४ मध्ये आलं, आणि असिंक-अवेट ही जोडी भाषेत यायला पुढच्या वर्षीचं ३.५ उजाडावं लागलं. रॉन फ्रेडरिक यांची असिंकएसएसएच ही मी वापरते ती एसएसएचची लायब्ररी (तयार कोडचा संच) याच पायावर उभी आहे. आत एकच धागा (थ्रेड) आणि कामांना आळीपाळीने पुढे नेणारा एक लूप असतो. जिथे ‘अवेट’ लिहिलं आहे तिथे ते काम थांबतं आणि आपली पाळी सोडून देतं. लूप ऑपरेटिंग सिस्टिमला विचारतो, कुणाचं उत्तर आलं? ज्याचं आलं असेल ते पुढे सरकतं. कुणी कुणाच्या हातून वेळ हिसकावून घेत नाही. जो तो आपणहून देतो. ही रचना मला पहिल्यापासून सुंदर वाटत आली आहे. पण तिची अट कडक आहे: एकाने पाळी अडवून धरली की सगळीच अडतात.

फाइलीचा शा-२५६, म्हणजे तिच्या मजकुरातून गणिताने निघणारी ओळखखूण (हॅश, मी तिला बेरीजही म्हणते), काढणं हे असं अडवून धरणारं काम. शंभर एमबी वाचायचे, त्यावर गणित करायचं, आणि तेवढा वेळ जर्मनीहून आलेली उत्तरं दारात उभी. आप्पांच्या घरचा लॅपटॉप जुना आहे, तिथे हा अडथळा डोळ्यांना दिसण्याइतका मोठा होतो. म्हणून ते काम वेगळ्या धाग्यावर सोपवायचं. पायथन ३.९ पासून त्यासाठी सोयीचं फंक्शन मिळालं आहे, आणि हॅश काढणारी लायब्ररी मोठ्या मजकुरावर काम करताना एका वेळी एकाच धाग्याला चालू देणारं पायथनचं कुलूप सोडून देते, त्यामुळे दोन्ही कामं खरोखर बरोबरीने चालतात. एक पान वाटेवर असताना पुढच्याची बेरीज तयार होत असते.

आणखी एक बाब मी शिकाऊ मुलांना आवर्जून दाखवते. नवं काम सुरू करून त्याचा हात धरून ठेवला नाही, म्हणजे ते कोणत्याही चलात साठवलं नाही, तर पायथनचा लूप त्या कामाची फक्त दुबळी आठवण ठेवतो. कचरा गोळा करणारी यंत्रणा ते काम अर्ध्यावर पुसून टाकू शकते. चूक दाखवणारा संदेशही येईलच असं नाही. पायथनच्या अधिकृत दस्तऐवजातच हा इशारा आहे. एखादा कागद निघाला आणि तो निघाल्याचं लक्षात ठेवणारं कुणीच नव्हतं, हे या कामात चालणारं नाही. २०२२ च्या ३.११ मध्ये आलेला टास्कग्रुप ही जबाबदारी घेतो: आतली सगळी कामं संपल्याशिवाय तो बाहेर पडू देत नाही. मात्र त्याचा स्वभाव असा की एक काम बिघडलं की तो बाकीची सगळी रद्द करतो. बँकेच्या व्यवहारात ते योग्यही असेल. इथे एका फाटक्या फाइलीपायी एकोणीस चांगल्या फाइली परत फिरवायच्या नसतात. म्हणून प्रत्येक कामाने आपली चूक आपल्यापाशी पकडायची, नोंदवायची आणि बाकीच्यांना जाऊ द्यायचं.

आणि मुदत. गावात वीज जाते, राउटर बंद पडतो, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू असतो. समोरचं टोक नाहीसं झालं हे टीसीपीला, म्हणजे मजकूर पोचवणाऱ्या खालच्या थराला, लगेच कळत नाही. लिनक्स आपल्या मूळ मांडणीत उत्तर न आलेला मजकूर पुन्हा पुन्हा पाठवत सुमारे पंधरा मिनिटं आशा सोडत नाही. पाठवायचं काही नसेल आणि नुसती उत्तराची वाट असेल तर ती आणखी लांबते. वाट पाहण्याला शेवट आपण घालून द्यायचा असतो. प्रत्येक फाइलीला तिच्या आकाराच्या मानाने मुदत, आणि कनेक्शनवर ठरावीक वेळाने ‘आहेस का?’ अशी हाक. उत्तर नाही आलं तर सोडायचं, नव्याने जोडायचं, अर्धवट फाइल पुन्हा पाठवायची.

इथवर हे सगळं वाट पाहण्याचं झालं. ते एकत्र करता येतं, वीस कामांना एका लूपमध्ये बसवता येतं. खात्रीचं तसं नाही. ती एकेका फाइलीची, एकेका कनेक्शनची, स्वतंत्र करावी लागते, आणि घाईत तीच आधी सोडली जाते.

फाइल पाठवण्याचा पहिला नियम लिहिला तो अभय भूषण यांनी. आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीचे विद्यार्थी. एप्रिल १९७१ मध्ये एमआयटीत असताना त्यांनी एफटीपीचा पहिला मसुदा मांडला. तेव्हाचं जाळं म्हणजे एकमेकांना ओळखणाऱ्या मोजक्या संस्था. पुढे एफटीपीत नाव आणि पासवर्ड उघड्या अक्षरांत जात राहिले आणि जाळं मात्र अनोळखी माणसांनी भरत गेलं. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी पासवर्ड टिपून घेणारा प्रोग्राम बसवला. तिथले संशोधक टाटू यलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिलं. एफटीपीचं पोर्ट (यंत्रावरच्या दाराचा क्रमांक) २१, दूरच्या यंत्रावर लॉगिन करायच्या जुन्या टेलनेटचं २३, मधलं २२ मोकळं होतं. ते त्यांनी मागितलं आणि त्यांना मिळालं. ज्या दोघांची जागा घ्यायची त्यांच्या मधोमध तो आकडा आहे याचा मला अजूनही आनंद होतो.

एसएसएच मजकूर झाकतं हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधी ते एक प्रश्न विचारतं, तिकडे लक्ष कमी जातं: समोरचा सर्व्हर तोच आहे हे कशावरून? सर्व्हरची एक किल्ली असते, तिचा ठसा असतो. पहिल्यांदा जोडताना पडद्यावर तो ठसा दिसतो आणि खाली विचारणा येते, पुढे जायचं का? बहुतेक जण न वाचता ‘यस’ टंकतात. चुकीच्या यंत्राशी कितीही घट्ट झाकून बोललं तरी ते बोलणं त्या चुकीच्या यंत्रालाच कळतं. असिंकएसएसएच तर असा प्रश्नही विचारत नाही. किल्ली ओळखीची नसेल तर सरळ नकार देते. हा तिचा गुण आहे. पण त्या नकारावर जालावर सर्रास सापडणारा उपाय म्हणजे ओळखीच्या यजमानांच्या (सर्व्हरच्या) यादीच्या जागी ‘नन’ लिहा. लिहिलं की प्रोग्राम चालतो, आणि त्या एका शब्दाने तपासणीच बंद होते. ती ओळ कोणत्याही प्रोग्राममध्ये दिसली की मी काम थांबवते. मोडी कागदांत गुपित ते काय, असं मला विचारतात. घरातल्या वाटण्या, जमिनींचे वाद, दत्तकपत्रं, कर्जखतं आहेत त्यांत. ज्यांनी माळा उघडून दिला त्यांच्या घरातलं हे आहे.

आमच्या सर्व्हरचा ठसा जर्मनीतल्या मुलाने आप्पांना फोनवर वाचून दाखवला. आप्पांनी तो अक्षर-अक्षर लिहून घेतला आणि मी पडद्यावर ताडला. वेळ लागला. पण फोनवरचा आवाज आप्पांनी लहानपणापासून ऐकलेला होता, आणि त्याहून भक्कम ओळख मला कुठल्याही प्रमाणपत्रात मिळाली नसती. ठसा बदलू शकतो हेही खरं. मार्च २०२३ मध्ये गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाला आपली आरएसए प्रकारची किल्ली बदलावी लागली, कारण खासगी किल्ली थोडा वेळ एका सार्वजनिक रेपॉझिटरीत उघडी पडली होती. त्या दिवशी ज्यांच्या यादीत जुनी किल्ली होती त्यांच्या पडद्यावर धोक्याची सूचना झळकली. अशा वेळी नवा ठसा दुसऱ्या वाटेने मिळवून ताडायचा असतो.

२०२४ साली एसएसएचच्या जगात दोन गोष्टी घडल्या, त्या मी विसरू शकत नाही. २९ मार्चला आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसवर काम करणाऱ्या अभियंत्याने जाहीर केलं की एक्सझेड या फाइली दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा आहे. काही लिनक्स वितरणांत ती लायब्ररी आडवाटेने एसएसएच सर्व्हरच्या प्रक्रियेत शिरत होती. एका टोपणनावाने वावरणाऱ्या कुणीतरी दोनेक वर्षं इमानेइतबारे काम करून, मूळ सांभाळणाऱ्याचा विश्वास मिळवून, हे पेरलं होतं. फ्रॉइंड यांना ते सापडलं कसं? ते वेगळ्याच मोजमापात होते, आणि एसएसएचच्या लॉगिनला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे हे त्यांच्या ध्यानात आलं. अर्धा सेकंद! आपण सारे नेटवर्कला दोष देऊन पुढे गेलो असतो. ते गेले नाहीत. हा वेळ कुठे जातो आहे, असं त्यांनी विचारलं आणि मुळापर्यंत खणत गेले. वाट पाहण्याचा काळ आपण इतका हिशेबात धरायला शिकलो, तो वाचवायला एवढी यंत्रणा उभारली. त्या काळाकडे निरखून पाहणारा एक माणूस त्या आठवड्यात जागा होता म्हणून जगभरची किती यंत्रं वाचली. त्या बातमीनंतर मी माझ्या प्रोग्राममध्ये जोडणीला लागलेला वेळ दर वेळी नोंदवायला लागले, आणि ती नोंद मी खरोखर वाचते.

दुसरी गोष्ट त्याच वर्षीच्या १ जुलैची. लॉगिन पूर्ण करायला ओपनएसएसएच सर्व्हर मुळात १२० सेकंदांची मुदत देतो. मुदत संपली की एक सिग्नल येतो आणि चालू काम जिथे असेल तिथे तोडतो. त्या क्षणी चालणाऱ्या कोडने लॉग लिहायला असं फंक्शन बोलावलं होतं, जे मध्येच तोडलेल्या अवस्थेत चालवणं धोक्याचं असतं. क्वालिस या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी दाखवलं की ३२-बिट यंत्रावर सरासरी दहा हजारांच्या आसपास प्रयत्नांत त्यातून थेट रूटचा, म्हणजे यंत्राच्या पूर्ण ताब्याचा, अधिकार मिळू शकतो. २००६ मध्ये बुजवलेली ही भेग २०२० मधल्या एका बदलाने पुन्हा उघडली होती. हीसुद्धा असिंकच, पण दुसऱ्या जातीची: कुठेही, कधीही, न विचारता मध्ये पडणारी. ‘अवेट’मध्ये पाळी सोडण्याच्या जागा लिहिलेल्या असतात, डोळ्यांना दिसतात, तपासता येतात. त्या पद्धतीवर माझा जीव आहे तो यामुळेही.

आता आप्पांच्या प्रश्नाकडे वळते. शिवकालीन पत्र हातात घेतलं तर वर मुद्रा असते आणि मजकूर संपतो तिथे मोर्तब, म्हणजे शेवटचा शिक्का. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरचं ‘मर्यादेयं विराजते’ आणि पेशवाईतल्या पत्रांवरचं ‘लेखनसीमा’ आपण वाचलेलं असतं. मर्यादा इथे संपली, यापुढचं अक्षर या पत्राचं नव्हे. एसएसएचमध्येही प्रत्येक पाकिटाला असाच शिक्का असतो, आणि पाकिटांची मोजदाद ठेवलेली असते. पण डिसेंबर २०२३ मध्ये जर्मनीतल्याच रुर विद्यापीठाच्या फाबियन बॉयमर, मार्कुस ब्रिंकमान आणि यॉर्ग श्वेंक यांनी दाखवलं की ही मोजदाद झाकलेलं बोलणं सुरू व्हायच्या आधीपासून चालते, आणि तेवढ्या फटीतून वाटेवरचा माणूस उघड्या भागात एक फालतू संदेश घुसवून, झाकलेल्या भागाच्या सुरुवातीचा एक संदेश गुपचूप काढून टाकू शकतो. मोजदाद जुळते, कुणाला संशय येत नाही. टेरापिन असं त्यांनी त्या हल्ल्याला नाव दिलं. त्याच अभ्यासात असिंकएसएसएचमधलेही दोष निघाले, आणि त्यातला एक फार बोचणारा होता: हल्लेखोर तुमचं-आमचं जोडणं त्याच सर्व्हरवरच्या स्वतःच्या खात्यात वळवू शकत होता. आपण फाइली पाठवत राहणार आणि त्या परक्या घरात पडणार. नोव्हेंबर २०२३ च्या आवृत्तीत हे दुरुस्त झालं. गावातल्या लॅपटॉपवर लायब्ररी अद्ययावत ठेवण्याचा माझा आग्रह आप्पांना आधी फॅशन वाटायचा. हा किस्सा सांगितल्यावर ते स्वतःच विचारतात, “नवीन घातलंस ना?”

शिक्का आणि मोजदाद वाटेवरच्या बदलापासून राखतात. वाटेच्या दोन टोकांना जे होतं ते त्यांच्या आवाक्याबाहेर आहे. स्कॅनर अजून फाइल लिहितोच आहे आणि प्रोग्रामने ती उचलली. सर्व्हरची डिस्क भरली. वीज गेली आणि सत्तर एमबी लिहून झाले होते. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक फाइलीला तीन अवस्था आहेत: निघाली, पोचली, मोर्तब. स्कॅनरने फाइल बंद केली की लगेच तिचा शा-२५६ काढून चौसष्ट अक्षरांची ती खूण वहीत लिहायची, पाठवण्याच्या आधी. मग फाइल ‘अपूर्ण’ अशी शेपटी लावलेल्या नावाने चढवायची. सगळे तुकडे मान्य झाले, फाइल बंद झाली, आकार जुळला, की शेपटी काढायची. तेव्हा ती पोचली. नाव बदलताना मी साधी एसएफटीपी मागणी वापरते, कारण त्या नावाची फाइल आधीच असेल तर ती नकार देते. जुन्या कागदावर नवा कागद नकळत चढू नये एवढं त्याने साधतं.

मोर्तब याच्या पुढची पायरी. आमच्या खात्याला सर्व्हरवर फक्त एसएफटीपी करता येतं, एका फोल्डरपुरतं, आदेश चालवता येत नाहीत. लॅपटॉप उद्या चोरीला गेला तर चोराच्या हातात तेवढंच लागावं म्हणून तसं ठेवलं आहे. त्यामुळे तिकडे जाऊन बेरीज काढणं मला शक्य नाही. सर्व्हर स्वतः ठरावीक वेळाने नव्या फाइलींच्या खुणा काढून एका यादीत लिहितो. माझा प्रोग्राम ती यादी आणून वहीशी ताडतो आणि जुळलं तरच मोर्तब करतो. सर्व्हरची यादी हा सर्व्हरचाच शब्द झाला, म्हणून अधूनमधून वाटेल ती काही पानं पूर्ण परत आणून इथे पुन्हा बेरीज काढते. तार बारीक आहे, रात्र लागते. लागू दे.

आप्पांनी विचारलं की मी आता वहीतलं मोर्तब पाहून उत्तर देते. “सगळे पोचले, तीन राहिलेत,” असंही सांगते, आणि ते मान हलवून पेटीवर रुमाल तसेच बाहेर ठेवतात. ज्याचं मोर्तब झालं नाही तो कागद परत बांधायचा नाही असा त्यांनी स्वतःच नियम करून टाकला आहे.

राहिलं आहे ते माझ्या गैरहजेरीचं. आप्पांची नात बारावीला आहे, तिला पायथन येतं. ‘अवेट’ कुठे आणि का हे तिने मला एकदा उलट समजावून दाखवलं. पुढच्या महिन्यापासून स्कॅनिंगच्या संध्याकाळी प्रोग्राम ती चालवणार आहे. तिच्यासाठी मी एक पान लिहिते आहे: किल्लीचा पासफ्रेज कुणाकडे, कनेक्शन तुटलं तर काय करायचं, जोडणीला नेहमी किती वेळ लागतो. सर्व्हरचा ठसा त्यावर छापून ठेवला आहे, आणि खाली फोन नंबर लिहायला जागा सोडली आहे, ठसा बदलल्याचं दिसलं तर आधी जर्मनीला फोन करायचा म्हणून.